हिरवं बटण आण्णांच्या ताब्यात

आमच्या वायफायला काय झालंय असं तुम्ही सगळे आठवडाभर इचारताय, तर चहा येईस्तोवर सांगतो, मधी बोलू नका. उन्मेष, तू तर बोलूच नकोस. आमच्या वरच्या मजल्यावर राहून चार वर्षं आमच्याच नेटवर क्रिकेट बघतोयस.

गेल्याच्या गेल्या रविवारी मी राऊटरचं फर्मवेअर बदललं. फर्मवेअर म्हणजे राऊटरच्या डोक्यातला कारभार. कंपनीनं घातलेला काढायचा आणि नेटवर फुकट मिळतो, कुणी तिसऱ्यानंच लिहिलेला, तो घालायचा. कशाला, तर ताईची शुक्रवारी अकराला ऑनलाइन मुलाखत. दोन वर्षांत पहिल्यांदा कुठनं तरी बोलावणं आलंतं, पुण्याच्या एका संस्थेत कार्यालयीन सहायक म्हणून, आणि आमचं नेट दर दहा मिनिटाला मरायचं. नेटवरच्या एका व्हिडिओतला माणूस म्हणाला, हे घाला, राऊटर पळत सुटतोय.

पळाला की. फक्त कुणाला आत घेईना. घरातला एकेक फोन त्याच्या यादीत जाऊन पेंडिंग पडला, आणि प्रत्येकापुढं स्क्रीनवर दोन बटणं, एक हिरवं, एक लाल. हे बंद कसं करायचं म्हणून नेटवरच्या जाणत्यांना इचारलं, तर म्हणाले आधी माहितीपुस्तिका वाचा. तीनशे चाळीस पानं. सोमवारी मला गोकुळ शिरगावला कारखान्यात पहिली शिफ्ट. म्हणून निघताना वडलांना सांगितलं, "आण्णा, यादीत नाव आलं की हिरवं बटण दाबायचं. बास."

इथं माझी चूक झाली. आण्णा चौतीस वर्षं सरकारी कचेरीत, त्यातली अकरा हेडक्लार्क, मार्चमध्ये रिटायर झाले. सात महिने सोफ्यावर बसून भिंतीवरच्या पालीकडं बघत होते. अशा माणसाच्या हातात मी मंजुरीचं बटण दिलं.

"कुणाच्या आदेशानं दाबायचं?"

"माझ्या."

"लेखी दे."

शिफ्टला उशीर होत होता. दिलं लिहून.

संध्याकाळी आलो तर एक हिरवं दाबलेलं न्हाय. दारात टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरवर चष्मा. आई स्वयंपाकघरात भांडी आपटतीय.

"तुझ्या आईची ओळख पटली नाही," आण्णा म्हणाले. "यादीत फक्त फोनचा क्रमांक दिसतो."

"एकतीस वर्षं संसार केलाय ह्यांच्यासंगं," आई आतनं म्हणाली.

"तोंडी ओळख ग्राह्य धरता येत नाही."

मंगळवारी छापील अर्ज आला. दोन फोटो, आधारची झेरॉक्स, प्रयोजन. वेळ साडेदहा ते साडेपाच. एक ते दोन जेवणाची सुट्टी, त्या तासात सगळ्यांचं नेट बंद, कारण अधिकारी जागेवर नसताना काही घडलं तर जबाबदार कोण. मी म्हटलं, आण्णा, नेटला काय घडणाराय? ते म्हणाले, "हेच मला त्यावेळी लिहून द्यावं लागेल."

शेजारचे रुद्राप्पा काका, पिठाची गिरणी हाय बघा त्यांची, तेबी भिंतीपलीकडनं आमचंच नेट वापरतात. ते भांडायलाच आले. "काय यज्ञेश्वरराव, फुकटच्या नेटला अर्ज व्हय?"

"फुकट आहे म्हणूनच अर्ज. विकत असतं तर पावती दिली असती."

काका "हे बरोबर हाय" म्हणालं आणि अर्ज घेऊन गेलं. बुधवारी अर्जासंगं गुळाचा रवा, आख्खी ढेपच, घेऊन आलं. आण्णांनी गूळ परत केला. त्यांनी आयुष्यात कुणाचा गुळाचा खडासुद्धा घेतला न्हाय. घेतला असता तर लोकांची कामं लवकर झाली असती.

ताईनं मंगळवारीच अर्ज टाकलाता. प्रयोजन, मुलाखत. परत आला. शेरा: प्रयोजन मोघम आहे, निमंत्रणपत्र जोडावे. निमंत्रणपत्र ईमेलमध्ये, आणि आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. ताई टाकीवर चढली, पत्र उतरवलं, प्रिंट काढून जोडलं. परत आला. शेरा: अर्जदार ही अधिकाऱ्याची कन्या असल्याने पक्षपाताचा आरोप संभवतो, तटस्थ व्यक्तीचे ना-हरकत पत्र जोडावे.

"आण्णा, हे दोन्ही एकदमच सांगायचं होतं की," ताई म्हणाली.

"एकदम सांगितलं की अर्जदार गोंधळतो."

तटस्थ म्हणून रुद्राप्पा काकांकडं गेली, तर काका म्हणालं, "माझाच अर्ज पेंडिंग हाय पोरी, मी तुला हरकत न्हाय म्हटलं आणि त्यांनी माझ्यावरच हरकत घेतली तर?" शेवटी तिचं तोंड बघून दिलं.

मी तिला म्हटलं, सोड, मैत्रिणीच्या घरी बसून दे मुलाखत. ती माझ्यावरच उखडली. "फाईल आता तिसऱ्या टप्प्यात हाय. मधीच सोडू?"

मग मीच राऊटरला हात घालायचं ठरवलं. तर राऊटर कपाटात, कपाटाला कुलूप, पासवर्ड बदललेला. आणि माझ्या ताटाखाली नोटीस: पूर्वपरवानगीशिवाय फर्मवेअर का बदलले, याची कारणे तीन दिवसांत दाखवावीत. मी दोन पानं लिहिली. शेवटी आपला नम्र असंबी लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी ताईची फाईल पूर्ण. फक्त सही राहिली. शुक्रवारी मुलाखतीसाठी मी सुट्टी काढलीती. दहाला बघतो तर टेबल रिकामं, वर कागद: अधिकारी आज किरकोळ रजेवर. आण्णा वास्तुशांतीला गारगोटीला गेलते. टाकीवर चढून फोन लावला.

"आण्णा, अकराला ताईची मुलाखत हाय."

"माहीत आहे. म्हणूनच रजा टाकली. पोटच्या पोरीच्या फाईलवर मी सही केली असती तर लोकांनी बोट दाखवलं असतं."

"मग चार्ज कुणाकडं दिलाय?"

"चार्जसाठी कुणाचा अर्ज नव्हता."

दहा पन्नासला मी खलबत्त्यातल्या बत्त्यानं कुलूप फोडलं. राऊटरच्या पाठीमागं बारीक भोक असतंय, त्यात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबलं. तुम्हाला वाटतंय जुनं सगळं परत येतंय. येत न्हाय. तेच नवीन फर्मवेअर पहिल्यापासनं सुरू होतंय. आण्णांचा पासवर्ड तेवढा गेला. वायर जोडून यादी उघडली, तर तेवीसच्या तेवीस नावं पेंडिंग. ताई माझ्या मागं उभी, इस्त्रीचा ड्रेस, कानात आईच्या कुड्या. दहा छप्पन झालेले.

"दाब लवकर."

मी बोट हिरव्या बटणावर ठेवलं. आता तुमच्यापासनं काय लपवायचं. दाबलं न्हाय. ताई म्हणाली, "दाब की रे, पाया पडते तुझ्या." सत्तावीस वर्षात ताई माझ्याशी ह्या आवाजात कधी बोलली नव्हती. बोटाखाली ते बटण असं गार लागत होतं, आणि माझ्या तोंडनं आपोआप आलं, "प्रयोजन?"

कानाखाली बसली तवा दाबलं. दहा एकोणसाठ.

मुलाखत झाली. तिघं बसलेते समोर. त्यांनी इचारलं, अर्जात तीन त्रुटी असल्या तर काय कराल? ताई म्हणाली, "तीनदा परत पाठवीन." तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि कधीपासनं येता म्हणाले.

शनिवारी आण्णा आले. फुटलेलं कुलूप बघितलं. रजिस्टरमध्ये 'कार्यभार सोपविला' असं लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि जाऊन पालीसमोर बसले.

आता कंपनीचं जुनं फर्मवेअर मला सापडलंय. परत घालायला दहा मिनिटं लागतील. घालणार हाय. ह्या आठवड्यात जरा वेळ न्हाय.

आणि उन्मेष, तुझा अर्ज मी काल बघितला. बाकी सगळं बरोबर हाय, फोटोवर सही आडवी पाहिजे. बाकीच्यांनी हसू नका. तुम्ही पाची जणांनी अर्ज नेला, भरला, झेरॉक्स जोडून आणून दिला, आणि लवकर कर की एवढंच म्हणालासा. अर्ज कशाला, असं एकानंबी इचारलं न्हाय.