मुगा-मठाचा हार

धानोऱ्याच्या अमृतआबांनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. त्यांनी ते बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं आणि उजेडात धरून पाहिलं. निळा मणी होता. आबांनी तो ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला. त्या घरात आबांच्या वाट्याचं बोलायचं कामही त्यांच्या पत्नी मंगलाबाईच करत.

“पीठमा मनी कसा उना?” मंगलाबाईंनी सुनेला विचारलं.

स्वप्नालीकडे याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. पिठाच्या डब्याचं झाकण सपाट असतं आणि मणी ओवायला सपाट जागा लागते, एवढंच ते कारण. दागिने करण्याचं हे वेड तिला गेल्या दिवाळीत लागलं. नंदुरबारला शकीला आपांच्या दुकानात ती बांगड्या भरायला गेली, तर आपा गिऱ्हाईक नसताना रेशमाच्या दोऱ्याचे झुमके गुंडाळत बसल्या होत्या. स्वप्नालीनं सहज एक गुंडाळून पाहिला आणि मग तिचा पाय काही निघेना. बाहेर मोटारसायकलवर बसलेला नवरा, नवल, वाट पाहून पाहून शेवटी एकटाच चहा पिऊन आला.

तेव्हापासून दर बाजाराला ती आपांकडून काहीतरी नवीन शिकून यायची. तिचे पहिले झुमके एका लग्नात उलगडले आणि दोरा थेट पंगतीपर्यंत गेला. मातीची कर्णफुलं पावसात विरघळून ब्लाऊजवर उतरली. पण ही बाई खचणारी नव्हती. हूक नीट वळला तरी ती शेतात नवलला फोन करून सांगायची, आणि तोही बिचारा पाण्याची मोटर बंद करून ऐकून घ्यायचा.

मंगलाबाईंनी मात्र भाकरीत मणी निघाला त्या दिवशी निकाल लावला. येत्या रविवारी कानबाई बसणार होती. खानदेशात ही देवी नारळाच्या रूपानं घरात बसते. त्या नारळाला नथ, हार, फुलं घालून सजवायचं, सगळे भाऊबंद जमवायचे, नैवेद्याचे रोट करायचे आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायचं. देवीचा जुना हार काळा पडला होता. तो स्वप्नालीनं नवा करायचा. भाऊबंदांनी चांगला म्हटला तर धान्याची खोली तिला या कामासाठी मोकळी करून मिळेल. नाही म्हटला तर मणी, दोरे, पकडी सगळं पोत्यात भरून माळ्यावर.

“आन कानबाईले पलास्टिक चालत नही,” मंगलाबाई म्हणाल्या. “मातीबी नको.”

दुसरी एखादी असती तर घाबरली असती. स्वप्नालीला आनंद झाला. आजवर तिचे दागिने फार तर शेजारणीच्या कानात गेले होते, आणि आता एकदम देवीच्या गळ्यात जाणार होते. प्लास्टिक नाही, माती नाही, मग राहिलं काय, असा विचार करत ती घरभर फिरली आणि धान्याच्या कोठीपाशी येऊन थांबली. हिरवे मूग, तपकिरी मठ म्हणजे मटकी, आणि मधल्या पदकाला टपोरे हरभरे. तिनं ताबडतोब आपांना फोन लावला.

“दाने भिगोने, सुई से पिरोने, फिर कडक धूप में सुखाने,” आपा म्हणाल्या. “सूख गये तो ऊपर से वार्निश मारने का. लेकिन धूप चाहिये, बेटा.”

शेवटचं वाक्य येईपर्यंत स्वप्नालीनं मूग पाण्यात टाकलेही होते.

दाणा ओवणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. सुरुवातीला सुई घातली की मूग दुभंगून त्याची डाळच व्हायची, आणि ती डाळ मंगलाबाई मुकाट्यानं आमटीत टाकायच्या. पण तोडून तोडून स्वप्नालीच्या लक्षात आलं, की दाण्याला एका कडेला बारीक डोळा असतो. त्याला धक्का न लावता पोटातून सुई काढली तर दाणा शाबूत राहतो. हे कळल्यावर तिचा हात असा चालू लागला, की आबासुद्धा पेपर बाजूला ठेवून पाहत बसले. शनिवारी सकाळी हार पुरा झाला. हिरव्या दोन सरी, मधे तपकिरी सर आणि खाली हरभऱ्यांचं पदक. एकही दाणा तडकलेला नव्हता.

“सोनारनी करेल वाटस,” नवल म्हणाला. स्वप्नालीचे पाय दिवसभर जमिनीला लागले नाहीत.

शेतकऱ्याच्या घरात भिजलेला मूग म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. पण त्या घरात तेव्हा त्याला कोणी मूग समजत नव्हतं, सगळे मणी समजत होते. चिंता एकच होती, हार ओला होता आणि श्रावणातलं ऊन कुठे दडी मारून बसलं होतं कोण जाणे. स्वप्नालीनं तो पंख्याखाली टांगला. पंखा फिरायला लागला आणि वीज गेली.

तेव्हा नवलला कल्पना सुचली. तो फुलं आणायला नंदुरबारला निघालाच होता. हार गाडीच्या हँडलला बांधला तर जाता-येता नुसत्या वाऱ्यानंच सुकेल, असं त्याचं म्हणणं. स्वप्नालीला ते पटलं, कारण तिला त्या वेळी काहीही पटलं असतं. नवल गावाबाहेर पडला आणि सर आली. त्यानं घाईघाईनं हार सोडला आणि ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून गळ्यात घालून वरून शर्टाची बटणं लावली. फुलवाल्यानं त्याच्या गळ्याकडे पाहून काय नवस बोललास म्हणून विचारलं. हार घरी परत आला तो ओलाच, शिवाय चांगला गरम होऊन. वार्निशची बाटली तशीच राहिली.

रविवारी मंगलाबाईंनी हार हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. बाईंना नाव ठेवायला जागा सापडेना, तेवढ्यात नवलनं प्रामाणिकपणे शर्टाची हकिकत सांगितली. घामाच्या अंगाला लागलेला हार देवीला कसा घालायचा? मंगलाबाईंनी तो हळदीच्या पाण्यात छान बुडवून काढला, मग कानबाईला घातला आणि वरून ओल्या फुलांच्या माळांवर माळा चढवल्या. बाजूला समया लावल्या. हार बिचारा उबेत, ओलाव्यात आणि अंधारात गुडुप झाला.

भाऊबंद आले. त्यांत मोठ्या काकू, म्हणजे आबांचे थोरले भाऊ भाईदास काका यांच्या पत्नी, मुख्य. त्यांनी पसंत केलं तर सगळ्यांना पसंत. त्यांनी फुलांतून दिसलं तेवढं पाहिलं आणि निकाल सकाळवर टाकला.

“आते काय दिखत नही. सकाळले फुलं काढतीन तवय दखू.”

सोमवारी सकाळी देवी उठवायची वेळ झाली. बायका दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, बाहेर वाजंत्री आली आणि मंगलाबाई एक एक माळ उतरवू लागल्या. शेवटची माळ निघाली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. काल गुळगुळीत असलेल्या हाराला आज पांढरे, वाकडे, टवटवीत कोंब फुटले होते. मूग फुटला होता, मठ फुटली होती, पदकातल्या हरभऱ्यांनीही नाकं बाहेर काढली होती. दाण्याचा डोळा इतक्या काळजीनं सांभाळला होता, की एकही दाणा मागे राहिला नव्हता.

स्वप्नालीला माळ्यावरचं पोतं दिसू लागलं. तिला खरंच रडू आलं.

मोठ्या काकू पुढे आल्या, वाकल्या, बारकाईनं पाहिलं आणि हात जोडले.

“कानबाई हिरवी व्हयनी वं,” त्या म्हणाल्या.

मग काय विचारता. बायकांनी पदर सावरून नमस्कार घातले. मोबाईल बाहेर निघाले. रंजिता, नवलची चुलतबहीण, म्हणाली की यंदा मिरची चांगली येणार. पलीकडच्या गल्लीतून बायका धावत आल्या आणि वाजंत्रीवाले वाजवायचं सोडून दारात माना घालू लागले. एवढ्या गर्दीत खोटं श्रेय घेणं स्वप्नालीला जड झालं. ती काकूंजवळ गेली.

“काकू, मी दाना भिजाडेल व्हतात. त्या सुकनाच नहीत.”

“भिजाडनारी तू,” काकू म्हणाल्या. “कोम आननारी ती.”

तेवढ्यात काकूंनी पुढचा हुकूम सोडला. देवीनं दिलेलं नदीत कशाला घालायचं, प्रसाद म्हणून वाटा. कोणीतरी कात्री पुढे केली. स्वप्नालीनं तोंड उघडलं, पण तोवर दोरा कापला गेला होता. आजवरचं तिचं सगळ्यात सुंदर काम परातीत घरंगळलं आणि भाऊबंदांनी ते चिमूट चिमूट करून खाल्लं. सगळ्यांनी तोंड भरून कौतुकही केलं. कोणी म्हणालं मऊ आहे, कोणी म्हणालं गोड आहे. वाजंत्रीवाल्यांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला.

“चांगलं शे,” मोठ्या काकूंनी चावता चावता निकाल दिला. “जरा मीठ पाहिजे व्हतं.”

नदीवरून परत आल्यावर घर रिकामं झालं. स्वप्नाली हातात नुसता दोरा घेऊन ओट्यावर बसली होती. मंगलाबाई शेजारी येऊन बसल्या.

“मी जलमभर मूग भिजाडात,” त्या म्हणाल्या. “माले काय समजत नही?”

“मंग काकूले सांगं कसाले नही?”

“बठ्ठा भाऊबंद तुन्हं काम खाई ग्यात, वर चांगलं म्हनी ग्यात. आते मी कसाले बोलू?”

त्या उठल्या. धान्याच्या खोलीतली पोती त्यांनी आधीच नवलकडून दुसरीकडे हलवायला सुरुवात केली होती, त्याचं कण्हणं आतून ऐकू येत होतं. दारात गेल्यावर त्या थांबल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, “दुसरा कर. मन्हासाठे. पन नीट सुकाड. मन्हा गळामा कोम नको.”

स्वप्नालीनं आभाळाकडे पाहिलं. ढग गच्च भरून आले होते आणि ऊन पडायचं काही लक्षण नव्हतं. ती पळत घरात गेली आणि तिनं मूग भिजत घातले.