इंगळेसरांची रेघ

रोज सकाळी कुलूप उघडलं की इंगळेसर आधी फरशीवर खडूची रेघ ओढतात, मग पंखा लावतात. मेहकरातलं आमचं कुटुंब समुपदेशन केंद्र एका खोलीचं. आमच्या दोन टेबलांपुढून ती रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते. "रेघीच्या इकडे आपण, तिकडे त्याइचं दुःख. मिसळू द्याचं नाही मॅडम," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अर्धवट राहिलेली रांगोळी समजून एका आजीने तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, तेव्हा सरांनी ते हलक्या हाताने टिपून घेतलं आणि रेघ पुन्हा गिरवली.

भेटवस्तू घ्यायची नाही, हा दुसरा कायदा. कुणी टेबलावर विसरल्यासारखी ठेवलेली कोथिंबिरीची जुडी परत करायला ते एसटीमागे धावले आणि धावत्या गाडीच्या खिडकीतून ती आत सरकवून आले. दिवसभर त्यांच्या बोटांना कोथिंबिरीचा वास होता. रविवारी काय करता, असं विचारलं तर म्हणत, "फिरतो." एकटा माणूस, मी पुढे विचारत नसे.

घर जोडलं जावं, असं त्यांना मनातून वाटे. काही घरं तुटलेलीच बरी, असं मला. पण खुर्चीत बसल्यावर दोघांनीही आपापलं मत गिळायचं, हा तिसरा कायदा. तो मी मोडला.

जानेफळची कांता तिसऱ्यांदा आली होती. मनगटावरचा डाग ती पदराने झाकत राही. "मॅडम, मी काय करू?" तिने विचारलं. टेबलाशी मी मत गिळलं. संध्याकाळी मात्र बसस्थानकावर तिला गाठून सांगितलं की परत जाऊ नकोस, माहेरी अमडापूरला जा; आणि माझा नंबर तिच्या मुठीत कोंबला.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. फोनही नाही. ती माहेरी पोचली, की वाटेतूनच तिला परत नेलं? घरी फोडणी तडतडली तरी मला घंटी वाजल्याचा भास होई. गुरुवारी मी सरांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "काऊन सांगतलं मॅडम? निर्णय तुमचा, अन् भोगणार ते पोरगी." मग हळूच म्हणाले, "अहवालात लिहावं लागन."

लिहा, म्हणाले मी. नोकरीपेक्षा मला त्या मनगटाची धास्ती होती.

शुक्रवारी सर रजेवर. मला आठवते तशी ही त्यांची पहिलीच रजा. दहा वाजता त्यांचा फोन आला. मागे एसटीचा खडखडाट. "रेघ ओढली काय?"

खडूसाठी मी त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. खडूंच्या तळाशी रबर लावलेला एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा होता. सुलतानपूर, जानेफळ, अमडापूर. छपाई पुसट झालेली, पण मागे पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचता येत होतं. नाव कुणाचंच नाही. 'दळण घेऊन जाताना दिसली.' 'घराले कुलूप.' 'हसली.'

माझ्या हातून रेघ कशीबशी ओढली गेली.

चारच्या सुमारास सर आले, पायांवर धूळ. खुर्चीत बसायच्या आधीच बोलले, "अमडापूरले हाये ते. बापासंगं बजारात मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती. मी रस्त्याच्या इकडूनच पाह्यलं. बोललो नाही."

मी पाणी प्यायले. पाण्यालाही खडूची चव होती.

त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहीत राहिले. मग तो माझ्याकडे सरकवला. "तुमचं लिहिलं. त्याच्याखाली माह्यं. इतक्या वर्साच्या रविवारचं."

सही करताना त्यांची नजर फरशीवर गेली.

"वाकडी झाली मॅडम."

"पुसू का?"

त्यांनी तिकिटं पुन्हा रबरात बांधली, वरून खडू नीट रचले.

"राहू द्या आजच्या दिवस."