दारातले रूळ

अंडी घेऊन सायकलवर बसू नये, आणि बसलंच तर वाटेत कुठलाही निश्चय करू नये. मी एकाच सकाळी दोन्ही केलं. आमच्या दारासमोरच्या रस्त्यात बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ होते. त्यांच्या खाचेत पुढचं चाक अडकलं, मी अंड्यांवर पडलो, आणि उठता उठता ठरवलं की हे रूळ आता उखडायचेच.

मी नगरपालिकेच्या रस्ते खात्यात कारकून. (म्हणजे रस्ते मी फक्त कागदावर बघतो.) नागरिक म्हणून मी अर्ज केला, तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. 'रूळ रेल्वेचे, आमचा संबंध नाही,' असं मी कारकून म्हणून उत्तर लिहिलं आणि नागरिक म्हणून ते वाचून भयंकर संतापलो. रेल्वेवाले म्हणाले, गाडी बंद झाली तेव्हाच आमचा संबंध संपला. रस्ता ज्याचा, त्यातलं लोखंडही त्याचंच. आमच्या साहेबांचं मत असं की रस्ता आपला, पण रुळाखाली जेवढा आहे तेवढा नाही. हे भिजत घोंगडं तसंच राहिलं असतं, पण मी दोन्हीकडे खेटे घालून जोडे झिजवले. शेवटी ठरलं, रूळ रेल्वेने उचलायचे आणि खड्डा नगरपालिकेने बुजवायचा. (खड्डा अजून आहे.)

घरात मी अवाक्षर काढलं नव्हतं. बायकोला चकित करायचं होतं.

ती बाजारातून आली तेव्हा रूळ ट्रकवर चढत होते. मी सत्कार स्वीकारायच्या बेताने दारात उभा. तिने पिशवी खाली ठेवली आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

"हे तुम्ही केलंत?"

"मीच," मी छाती फुगवून म्हणालो.

"ते माझ्या माहेरी जायचे हो," ती म्हणाली आणि आत गेली.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, लक्षात नव्हतं. तिचे आईवडील गेले, घर विकलं गेलं, तिथं आता कुणाचं तरी गोदाम आहे. तरी रोज संध्याकाळी ती बाहेर येऊन एक पाय रुळावर ठेवायची आणि रूळ जातो तिकडे बघत उभी राहायची. ती माझी वाट बघते अशी माझी इतकी वर्षं समजूत. (माझं ऑफिस उलट्या दिशेला आहे.)

त्यानंतर ती मला बोलेनाशी झाली. म्हणजे बोलायची, पण रागवायची नाही. ओला टॉवेल मी गादीवर टाकला तरी मुकाट्याने उचलायची. मला त्या ओरडण्याची इतकी आठवण यायला लागली की मी मुद्दाम दुसरा टॉवेल भिजवला.

शेवटी भंगारवाल्याला गाठून, हातापाया पडून, रुळाचा एक तुकडा मिळवला. चार हमालांनी तो आणला. दारातून काही वळेना, म्हणून रस्त्याच्या कडेलाच ठेवून ते निघून गेले. आठवड्याभरात शेजारी त्याला अडखळून पडले. सार्वजनिक रस्त्यावरचा निरुपयोगी रूळ घरमालकाने स्वखर्चाने हलवावा, अशी नोटीस निघाली. सही अर्थातच माझी.

मी ती वाचत असताना बायको बाहेर आली. तुकड्याकडे बराच वेळ बघितलं, पदर सावरला आणि त्यावर बसली.

"याचं तोंड कुठल्या बाजूला केलंय?"

"तुझ्या माहेराकडे."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि डोळेही पुसले. मी नोटीस खिशात कोंबली, तिच्या शेजारी टेकलो आणि विचारलं, "किती वेळ लागेल गं पोचायला?"

"तुम्ही कुठं निघालात?" ती म्हणाली. "तुम्ही नेहमी स्टेशनापर्यंत पोचवायलाच यायचात. उतरा खाली, गाडी सुटेल."

मी उतरलो आणि हात हलवला.