एकवीस वस्त्रांची मोहीम, मुक्काम मुकुंदवाडी

कुलदैवतास वंदन करोन, बिजागरी निखळलेल्या लोखंडी कपाटास साक्ष ठेवोन, मुकुंदवाडी मुक्कामी जे घडले ते लिहिले जाते. लिहिणाराने पदरचे मीठ घातले नाही. घातलेच असेल तर चवीपुरते.

मंजुषाबाईसाहेब वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीस. कपाटी साड्या, कुर्ते, ओढण्या मिळोन दीडशेवर फौज, आणि घालावयास एक नाही, ऐसा पेच. रोज प्रातःकाळी कपाटासमोर उभ्या राहत, हे काढीत, ते टाकीत, आणि मग कारखान्याची आठ वाजोन दहा मिनिटांची गाडी नाक्यावरून निघोन जाई. दोन लेट मार्क चढले. तिसरा चढतां बढतीवर पाणी, ऐसा खलिता आला. बाईसाहेबांचे धाबे दणाणले. यजमान ऋतुराजराव मात्र दारी उभे राहोन हसत, "बायकांचं कपाट अन् खाम नदीचा गाळ, कुणी उपसलाय व्हय?"

तेव्हां मोबाइलावर एक मसलत दृष्टीस पडली. कॅप्सूल वॉर्डरोब म्हणोन विलायती बंदोबस्त: मोजकी एकवीस वस्त्रे ठेवावी, पांढरी, काळी, मातकट, कोणतेही कोणावर शोभावे, तीच कचेरीस आणि तीच रविवारी मिरवावी. तत्काळ हुकूम सुटला की उरली फौज बरखास्त. आशाबाई बोहारीण पाचारण जाहली आणि दोन प्रहर तहाची बोलणी चालली. आशाबाईने एका साडीची जर नखाने टोकरोन निवाडा दिला, "ताई, ही लई विरली. हिच्यावर कढई नाय, झाकणी देते." अखेर कढई, दोन पातेली आणि ती झाकणी पदरी पडोन आहेराच्या साड्या सरसकट गेल्या. मग आठवडाभर बाईसाहेब दहा मिनिटांत सज्ज होत आणि गाडीच्या आधी नाक्यावर पोहोचत.

रविवारी सोयगावी लग्न निघाले. पिशोर गावी राहणाऱ्या सासूबाई लक्ष्मीबाई, त्यांचे थोरले बंधू काकासाहेब, त्यांचे घरचे कार्य. बाईसाहेबांनी काळी पँट, पांढरा कडक शर्ट ऐसा साज चढवोन कूच केले. मांडवी पोहोचतां काय पाहतात, वाढपी मंडळी झाडून त्याच वेषांत! आणि मग होऊ नये ते जाहले. काकासाहेबांनी पाठमोऱ्या सूनबाईस फर्मावले, "ओ ताई, बघत काय उभ्या? तिकडं मठ्ठा न्या की!" बाईसाहेबांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. परंतु मामेसासऱ्यांस उलट बोलावे कैसे? जग उचलला आणि दोन पंगती मठ्ठा वाढला. तिसऱ्या पंगतीस खाशा लक्ष्मीबाई बसल्या होत्या. त्यांनी जग पाहिला, मग हात पाहिला, मग मुख पाहिले, आणि आरोळी दिधली, "दादा! आवं, ही माझी सून हाय!" बँजो थांबला.

काकासाहेब शरमिंदे जाहले. मान चुकला तो भरोन काढावा म्हणोन जागीच कुंकू लावोन भरजरी साडीची खिलत दिली. एकाने मान द्यावा आणि दुसऱ्याने न द्यावा, ऐसी भावकीत रीत नाही. शिवाय कोठूनशी आलेली, न आवडलेली साडी प्रत्येकीच्या पिशवीत होतीच. ती पुढे ढकलावयास यापरते निमित्त कोणते? बाईसाहेब नको म्हणों लागल्या तों लक्ष्मीबाईंनी डोळे वटारले. मोजदाद करितां तेवीस साड्या भरल्या. त्या कपाटात नीट लागल्या की नाही हे पाहावयास लक्ष्मीबाई स्वतः मुकुंदवाडीस निघाल्या.

घरी येतांच बाईसाहेबांस रडू कोसळले. एकविसाची चव्वेचाळीस जाहली, म्हणजे पुनश्च तोच गोंधळ आणि तिसरा लेट मार्क ठरलेला. ऋतुराजराव पाठीमागे हसले. ते हसणे महाग पडले. बाईसाहेबांनी डोळे पुसले, वळोन पाहिले, आणि नजर कपाटाच्या उजव्या बाजूस गेली, जेथे रावांच्या शर्टांचा मुलूख कित्येक वर्षे निर्धास्त नांदत होता.

अर्ध्या घटकेत उजवी बाजू सर जाहली. तेथे साड्यांचे ठाणे बसले, डावीकडे एकवीस वस्त्रेच राहिली आणि रावांची वस्त्रे खोक्यांत भरोन दिवाणाखाली रवाना जाहली. रावांनी मातोश्रींकडे दाद मागितली. मातोश्रींनी साड्यांच्या घड्या मोजल्या आणि सुनेस शाबासकी दिली.

सोमवारी आठ वाजोन पाच मिनिटांनी बाईसाहेब नाक्यावर दाखल. येणेप्रमाणे एकवीस वस्त्रांचे राज्य अबाधित राहोन मोहीम फत्ते जाहली. इकडे नऊ वाजोन गेले तरी ऋतुराजराव दिवाणाखाली कंबरेपर्यंत शिरोन दुसरा मोजा धुंडीत होते, आणि त्यांची कचेरीची वेळ टळोन गेली होती, हेही दप्तरी दाखल.