लाल उजवा, पिवळा डावा

नोकरीच्या शेवटच्या दिवशी कोबा फान डर प्लास सायकलच्या पेटीत सफरचंदाचे तीन केक घालून रुग्णालयात आली. लायडन या डच गावात निरोप ज्याचा, केकही त्यानेच आणायचा. चौतीस वर्षं राबायचं आणि जाताना लोकांना खाऊही आपणच घालायचा, अशी ही गोड पद्धत. कोबाचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. तिचं जे काही म्हणणं होतं ते पांढऱ्या कोटाच्या खिशात, चार पानांच्या भाषणात घडी करून ठेवलेलं होतं. साडेतीन वाजता कँटीनमध्ये ती ते वाचणार होती.

कोबा ईसीजी काढायची. चौतीस वर्षांत दोन लाखांवर पट्ट्या तिच्या हाताखालून गेल्या असतील. कागद यंत्रातून निम्मा बाहेर आला, की तिला कळायचं कोणाचं काय चाललंय. पण सांगायची सोय नव्हती. नियमच तसा. पट्टी कोबाने काढायची आणि ती काय म्हणते ते डॉक्टरांनी सांगायचं. शर्टाची बटणं लावता लावता माणूस विचारायचा, "कसा आहे हो कागद?" आणि कोबा म्हणायची, "डॉक्टर सांगतील." असं तिने दोन लाख वेळा म्हटलं होतं. तोंडात बसलेली ती चव आज भाषण करून धुऊन काढायची, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

तिच्या जागी माणूस येणार नव्हता, अमेरिकेहून यंत्र आलं होतं. ते पट्टी काढायचं, स्वतःच वाचायचं आणि वर मथळ्यात निदानही छापायचं. तारा चिकटवायला फ्लूर नावाची तरुण मुलगी नेमली होती. सकाळी ती रक्त काढायची, दुपारी टेलिफोन घ्यायची आणि मधल्या वेळात ईसीजी. या फ्लूरला कोबानेच शिकवलं होतं. "रस्त्यावरचा सिग्नल लक्षात ठेव पोरी. लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय. काळा उरला, तो उरलेल्या पायाला. एवढं येत असेल तर जगात कुठेही पोट भरशील."

दुपारी एक वाजता व्यवस्थापक योरिट सगळा विभाग गोळा करून आला. हा माणूस गेल्या तीन वर्षांत रुग्णालयातल्या एकाही आजारी माणसाशी बोलला नव्हता, पण 'रुग्णाचा प्रवास' या विषयावर तासभर बोलू शकायचा.

"कोबा, यंत्राचं उद्घाटन तुझ्यावरच करू या! किती छान दिसेल! जुनी पिढी आडवी आणि नवी उभी!"

"मी आडवी पडले तर तारा कोण लावणार?"

"फ्लूर आहे की!"

कोबा आडवी पडली. शेवटच्या दिवशी कशाला वाकड्यात शिरा, असा तिने विचार केला. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिने विचार करून केली आणि तीच नडली.

"लाल उजवा हात," फ्लूर पुटपुटली आणि लाल तार उजव्या हाताला लावली. "पिवळा... पिवळी तारच नाहीये हो इथे. पांढरी आहे."

"असेल, नवीन छटा असेल," योरिट म्हणाला.

"हां, फिकट पिवळी असेल." फ्लूरने पांढरी तार डाव्या हाताला लावली. हिरवी डाव्या पायाला. काळी उरली, ती उरलेल्या पायाला. अगदी शिकवल्याबरहुकूम.

कोबा छताकडे बघत होती. आपलं भाषण मनात घोळवत होती. नाहीतर 'पांढरी' हा शब्द ऐकताच ती ताडकन उठून बसली असती. अमेरिकन तारांचे रंगच निराळे असतात. त्यांची पांढरी उजव्या हाताची, काळी डाव्या हाताची, लाल डाव्या पायाची, हिरवी उजव्या पायाची. म्हणजे चारही तारा चुकीच्या जागी लागल्या होत्या, एकही अपवाद नाही, आणि त्याही कोबाच्याच शिकवणीने.

यंत्र घुरघुरलं. कागद बाहेर आला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: हृदयाच्या खालच्या भागाला झटका, काळ अनिश्चित. तातडीने तज्ज्ञांना दाखवा.

मग फ्लूर रडायला लागली.

"दाखव इकडे," कोबाने कागद ओढून घेतला. एक नजर टाकली आणि तिला हसूच फुटलं. "अगं रडतेस काय! दुसरी रेघ बघ, डोकं खाली पाय वर. तिसरीही तशीच. अशी पट्टी निघाली की आधी तारा बघायच्या. या तारा अमेरिकन आहेत! उलट्या लागल्यात!"

तेवढ्यात डॉक्टर तैस धावत आला. बत्तीस वर्षांचा, हुशार, केस नीट बसवलेला. शिकाऊ असताना सहा महिने कोबाच्या शेजारी स्टूल टाकून बसायचा आणि प्रत्येक पट्टीला विचारायचा, "कोबा, तुला काय वाटतं?" आता त्याने कागदाचा फक्त मथळा वाचला.

"बाई, तुम्ही शांत पडून राहा."

कोबाला कानफटात बसल्यासारखं झालं. सकाळपर्यंत ती 'कोबा, तू' होती. आता 'बाई, तुम्ही' झाली होती. या इमारतीत कोण आडवं आणि कोण उभं, यावर सगळं ठरतं हे तिला माहीत होतं, पण इतक्या लवकर ठरतं हे माहीत नव्हतं.

"तैस, तारा बघ. एवढंच कर. मान वाकव आणि तारा बघ."

"हे यंत्र वीस लाख पट्ट्या बघून शिकलंय, बाई."

"आणि तू माझ्याकडे बघून शिकलास! पट्टीचा मथळा कधी वाचायचा म्हणून सांगितलं होतं?"

"सगळ्यात शेवटी," तैस सवयीने बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. मग नर्सकडे वळून हळूच म्हणाला, "चिडचिड होतेय. हेही लक्षणच आहे."

आता बोला! तोंड उघडलं तर लक्षण, मिटलं तर त्याहून गंभीर लक्षण. फ्लूरने तारा काढून गुंडाळल्या, म्हणजे पुरावाही गेला. कोबाला चाकाच्या पलंगावरून तिसऱ्या मजल्यावर नेलं. कोट काढून घेतला. रक्त घेतलं. वॉर्डातल्या नर्सने आपल्या जुन्या, ओळखीच्या रंगांच्या तारा लावल्या आणि पडद्यावर कोबाचं हृदय टापटीप, एका चालीत धावू लागलं.

"हे बघा!" कोबा म्हणाली. "ठणठणीत!"

"हो ना," तैस गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे अधूनमधून होतंय."

तासाभराने रक्ताचा अहवाल आला. त्यातही काही नव्हतं.

"म्हणजे झटका जुना आहे," तैस म्हणाला. "येऊन गेला, तुम्हाला कळलाच नाही. बायकांमध्ये असं फार होतं."

"मला माझा झटका कळला नाही? चौतीस वर्षं मी जगाचे झटके ओळखतेय!"

"तेच तर. दुसऱ्यांकडे बघता बघता आपलं राहून जातं." हे त्याने इतक्या मायेने म्हटलं की कोबाला त्याला उशी फेकून मारावीशी वाटली.

"बरं, मला साडेतीनला खाली सोड. माझा निरोपसमारंभ आहे. भाषण करून परत येते."

"नाही हो बाई. उद्या हृदयाच्या वाहिन्यांत नळी घालून बघायचंय. तोवर हलायचं नाही, खायचं नाही."

"मग मला नक्की झालंय काय, एवढं तरी सांगशील?"

"मोठे डॉक्टर सांगतील," तैस म्हणाला आणि निघून गेला.

साडेतीनला खालून टाळ्या ऐकू आल्या. मग हसणं. मग पुन्हा टाळ्या. निरोप कोबाचा, केक कोबाचे, आणि कोबा उपाशीपोटी छताचे चौकोन मोजत होती. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. पुसायला हात हलवला की पडदा बोंबलायचा आणि नर्स धावत यायची.

साडेचारला योरिट आला. त्याच्या ओठाला केकची साखर लागली होती. हातात सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड होतं. त्यावर 'निवृत्तीच्या शुभेच्छा' खोडून 'लवकर बऱ्या व्हा' लिहिलं होतं.

"कोबा, काय सांगू! तुझ्या कोटात भाषण सापडलं. मीच वाचलं. अर्धं कँटीन रडलं!"

कोबा उठून बसली. पडदा बोंबलला. "चारही पानं?"

"पहिलं पान. आभाराचं. काय सुंदर लिहिलंयस! पुढची पानं... जरा वेळ कमी होता."

पुढच्या तीन पानांत तिने लिहिलं होतं की यंत्र रेघ काढतं, पण रेघ वाचायला माणूस लागतो. की मथळ्यावर विश्वास ठेवणारा डॉक्टर एक दिवस धडधाकट माणसाला पलंगावर पाडील. ती पानं योरिटने घडी करून तिच्या उशाशी ठेवली. मग दारातून वळून म्हणाला, "आणि बघ, पहिल्याच दिवशी यंत्राने एका सहकाऱ्याचा जीव वाचवला! रुग्णालयाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर घेतोय."

दुसऱ्या दिवशी नळी घालून बघितलं. सगळ्या वाहिन्या स्वच्छ निघाल्या. "नशीबवान आहात," मोठे डॉक्टर म्हणाले, "मोकळं झालं आपोआप." तीन प्रकारच्या गोळ्या आणि सहा आठवड्यांनी तपासणी, असा कागद हातात पडला. पत्रिकेसाठी एक मुलगी मुलाखत घ्यायला आली. तिला कोबाने तारांचे रंग एकेक करून, अगदी बोटांवर मोजून सांगितले. छापून आलं ते असं: 'भावनावेग अनावर झालेल्या कोबाताई अजून थोड्या गोंधळलेल्या आहेत.'

तिने योरिटला पत्र लिहिलं. 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार,' असं उत्तर आलं, तेही यंत्रानेच लिहिलेलं.

सहा आठवड्यांनी ती तपासणीला गेली. ईसीजीच्या खोलीबाहेरच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. पूर्वी इथे दुपारी चिटपाखरू नसायचं.

"एवढी गर्दी कसली गं?" तिने विचारलं.

"विचारू नकोस, कोबा!" फ्लूरचे डोळे खोल गेले होते. "मूक झटक्यांची साथ आलीय. सगळ्यांच्या हृदयाचा खालचाच भाग. डॉक्टर तैस लेख लिहितायत त्यावर. त्यांना पाण्याचा संशय आहे."

कोबाने कपाळाला हात लावला. सहा आठवडे! रोज पंचवीस-तीस माणसं! गावातली निम्मी म्हातारी माणसं घरी पाय वर करून, मीठ सोडून, मृत्युपत्राची भाषा करत बसली असणार. आणि का, तर एका बाईने एका मुलीला सिग्नल शिकवला होता.

"फ्लूर, तुझ्या त्या तारा अमेरिकन आहेत गं."

"हो का? चांगल्याच असतील मग." टेलिफोन वाजला आणि फ्लूर तो घ्यायला पळाली.

कोबाने दार लोटलं. पर्समधून रंगीत चिकटपट्टीची रिळं काढली. तोंडाने सांगून उपयोग नाही, हे सहा आठवड्यांत कळल्यामुळे ती घरूनच तयारीने आली होती. पांढऱ्या तारेवर लाल, काळीवर पिवळी, लालवर हिरवी, हिरवीवर काळी. दोन मिनिटं लागली. मग ती गुमान आडवी पडली.

"अय्या, पिवळी आली की!" फ्लूर परत येऊन म्हणाली. "कंपनीने बदललेली दिसते."

"दिसते खरी."

यंत्र घुरघुरलं. मथळा आला: सर्व काही सामान्य.

तैस पट्टी बघून हरखला. "बाई! सहा आठवड्यांत डागही नाही! गोळ्या काय लागू पडल्यात!" त्याने लगेच वहीत लिहूनही घेतलं. लेखाला शेवट मिळाला होता.

कोबाने त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मग फक्त विचारलं, "तैस, तारा बघितल्यास?"

"तारांचं काय?"

"काही नाही."

बाहेर योरिट भेटला. यंत्राच्या यशामुळे आणखी सहा यंत्रं मागवली होती, सहा मजल्यांवर सहा. सोमवारी येणार होती. कोबाने पर्समध्ये हात घालून रिळं चाचपली. पिवळं जवळजवळ संपलं होतं.

शेवटच्या खुर्चीवर श्रीयुत सीबेल्ट बसले होते. बाजारात हेरिंग मासे विकायचे, चाळीस वर्षं, भल्या पहाटे उभे राहून. आज चेहरा ओढलेला, मांडीवर मागच्या वेळची पट्टी.

"दुकान दिलं पुतण्याला," ते म्हणाले. "सायकलही दिली. बायको जिना चढू देत नाही. मला तर कधी काही दुखलंसुद्धा नव्हतं हो. कसा आहे हा कागद?"

दोन लाख वेळा दिलेलं उत्तर कोबाच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं. चौतीस वर्षांचा नियम आता तिला लागू नव्हता. तिने पट्टी घेतली, वरची कड खाली केली, पाठ पुढे केली आणि खिडकीच्या काचेवर धरली. उजेडात रेघा पलीकडून उमटल्या. ज्या डोकं खाली करून लोंबत होत्या त्या ताठ उभ्या राहिल्या.

"बघा. तारा उलट्या लागल्या होत्या, म्हणून कागद उलटा आला. ही तुमची खरी रेघ. तुम्हाला झटका आलेला नाही, श्रीयुत सीबेल्ट. कधीच नाही. हृदय एकदम ठणठणीत आहे. सायकल परत मागा. दुकान परत मागा."

आयुष्यात पहिल्यांदा तिने एखाद्या रुग्णाला पट्टी वाचून दाखवली होती. सीबेल्ट काचेकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

सीबेल्टनी तिच्या हातातून कागद हळूच काढून घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "असू दे, बाई. डॉक्टर सांगतील."