सुई ओवेपर्यंत गाडी थांबते

माझ्या घरात वस्तू पडत नाहीत. पडणार नाहीत अशाच मी ठेवतो. जेवणाचं टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी सारली, तेव्हापासून ते डोंगरासारखं उभं आहे. म्हणून जुन्या गेमांच्या क्लबचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, "काका, काम नाजूक आहे, टेबल पक्कं पाहिजे," तेव्हा मी छाती काढून सांगितलं, "घरीच या."

काम असं होतं. तरुणपणी एका छोट्या कंपनीत मी टीव्हीला जोडायच्या डब्यासाठी गाड्यांच्या शर्यतीचा गेम लिहिला होता. तो कुणाला आठवत नाही. आठवावा असा नव्हताच. कंपनीत गाडी एकाकडेही नव्हती, साहेब स्वतः सायकलवर यायचे. मग इंजिनाचा आवाज आणायचा कुठून? मी टेपरेकॉर्डर घरी नेला. बायको पायाच्या शिलाई मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती. "जोरात चालव," म्हटलं. तिने चालवलं, आणि काय गाडी पळाली!

पुढे गेमच्या कॅसेटमधल्या चिपची जागा संपली. खेळणाऱ्याच्या गाडीचा वेग वेगळा लिहायला जागाच उरली नाही. मी डोकं लढवलं: वेग आवाजावरूनच घ्यायचा. मशीन जोरात, तर गाडी जोरात. फक्त शिवताना मधेच तिचा दोरा तुटला होता. ती थांबली, सुई ओवली, पुन्हा निघाली. त्यामुळे दुसऱ्या फेरीत, ऐन वळणावर, खेळणाऱ्याची गाडी उभी राहायची आणि बाकीच्या भुर्रकन निघून जायच्या.

साहेबांनी विचारलं, "हे काय?"

मी म्हटलं, "दोरा."

गेम तसाच बाजारात गेला आणि तसाच परत आला. कंपनी बुडाली. गेमची एक कॅसेट माझ्याकडे राहिली.

बायको गेल्या वर्षी गेली. तिचं बोलणं आम्ही कधी टेप करून ठेवलं नाही. ती मशीन चालवतानाचा तेवढा आवाज आहे, तो या कॅसेटमध्ये. मेकॅनिकने कॅसेट उघडली आणि भिंग लावून चिप पाहिली.

"काका, हिचा एक पाय पार गंजलाय. लॅपटॉपवर उतरवून घेऊ, पण एकदाच जमेल. धक्का लागला तर संपलं."

अशा वेळी घरात मेहुणा नको. पण तो आला. ताईचा गेम म्हणून आला, त्याला नको कसं म्हणणार?

"तू काही करू नकोस," मी म्हटलं.

"दाजी, मी काय करतोय? बसलोय."

"बसूनच राहा."

लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकायला लागली. गोगलगाय बरी, इतकी हळू. मेकॅनिक श्वास रोखून बसला. मी पंखा बंद केला. घाम नाकाच्या टोकावर येऊन थांबला, तो पुसायचीही मला छाती होईना. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली. आणखी थोडी गेली. आता संपणार, एवढ्यात टेबलाखालून आवाज आला.

"दाजी, इथे कचरा पडलाय."

आणि त्याने पुठ्ठा ओढला.

टेबल कलंडलं. फार नाही, चहा सांडतो तेवढंच. पण टिक्‌ झालं, आणि पट्टी जिथल्या तिथे थांबली. मेकॅनिकने भिंगातून पाहिलं, मग भिंग खाली ठेवलं. "पाय तुटला."

मेहुणा पुठ्ठा हातात धरून वर आला. "हा ठेवायचा होता का?"

मी पुठ्ठा त्याच्या हातातून काढून घेतला. तोंड उघडलं असतं, तर तो आजही दवाखान्यात असता.

"रस्ते आलेत, गाड्या आल्यात," मेकॅनिक म्हणाला. "आवाज सगळ्यात शेवटी असतो. किती आलाय बघू."

त्याने गेम सुरू केला. खडखडखड करत गाडी निघाली. मशीनवर बायकोचाच पाय. सुरुवातीला जरा दमानं, मग एकदम जोरात. तिची तीच रीत होती. मेहुणा मान खाली घालून ऐकत राहिला. पहिली फेरी झाली. दुसरीत वळण आलं आणि गाडी थांबली.

"थांबतेच इथे," मी म्हटलं. "आता ओवेल आणि निघेल."

आम्ही वाट पाहिली. बाकीच्या गाड्या शर्यत संपवून गेल्या.

"काका," मेकॅनिक हळूच म्हणाला, "पुढचं आलंच नाही."

मग त्यानेच विचारलं, "दुसऱ्या कुठल्या गाडीचा आवाज जोडू?"

"ताईचं मशीन आहे की," मेहुणा म्हणाला.

"त्याला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. आणि उठून मीच त्यावरची चादर काढली.

सुईखाली तिने अर्धा शिवलेला अभ्रा तसाच होता. मी आयुष्यात मशीनवर बसलो नव्हतो, पण गेम लिहिणारा मी, मला काय अवघड? मेकॅनिकने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मी पाय दाबला. चाक उलटं फिरलं आणि वर्षभराचा सुकलेला दोरा तुटला.

आता सुई ओवणं आलं. चष्मा आतल्या खोलीत. दोरा नाकाजवळून जाई, नेढ्याजवळून जाई, नेढ्यातून जाईना. मेहुणा खुणेने सांगत होता, ओला करा. मग खुणेने सांगत होता, एक डोळा मिटा. मग स्वतःच डोळे मिटून बसला. शेवटी दोरा गेला. मी चाकाला हाताने सुलटा झटका दिला, पाय मारला आणि अभ्रा संपेपर्यंत थांबलो नाही.

"मधला वेळ कापून टाकू?" मेकॅनिकने विचारलं. "कुणी जिंकू शकणार नाही हो."

"राहू दे," मी म्हटलं.

क्लबच्या प्रदर्शनात आता गेम ठेवलाय. खेळणारे वळणावर येतात, थांबतात, बटणं दाबतात, टीव्हीला थापट्या मारतात. सगळे शेवटचे येतात. मेहुणाही शेवटचा आला. पण गाडी पुन्हा निघते, एवढं मी रोज उभा राहून पाहतो.

"दाजी, लगेच कळतं," मेहुणा म्हणाला. "इथपर्यंत ताई, आणि इथून पुढे गाडी गचके खाते."

मेकॅनिक म्हणतो, काही कळत नाही. चांगला माणूस आहे. पण अभ्रा मी वापरायला काढलाय, आणि मी शिवलेल्या बाजूने उशी बाहेर येते.