फूटपट्टीची हद्द

पालिकेतल्या नकाशेवाल्याला सगळे 'फूटपट्टी' म्हणत, आणि गडी त्यावर चक्क खूश होता! यंदा प्रभागांच्या हद्दी नव्याने आखायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा तर स्वारी हवेतच तरंगू लागली.

"पूर्वी या शहरात तीनच वॉर्ड होते," जेवताना तो बायकोला सांगू लागला. "एका विहिरीमागे एक! पुढे नळ आले, वस्ती वाढली आणि हद्दी गांडुळासारख्या वळवळायला लागल्या. मी त्या सरळ करणार. एकदम सुतासारख्या!"

"आधी दारापुढचं चेंबर मोकळं करून घ्या," बायको म्हणाली. "घाण पाणी उलटं मोरीत येतंय. वासाने शिवणक्लासच्या तिघी सोडून गेल्या. उरलेल्या चौघी गेल्या, की क्लास बंद!"

"अगं, त्यासाठीच तर वॉर्ड असतो. तक्रार कर, दोन तासांत माणूस हजर!"

दुसऱ्या दिवशी त्याने नकाशावर पोलादी पट्टी ठेवली आणि चार व पाच नंबरच्या वॉर्डांमध्ये एकच रेघ ओढली. खाली कुणाचं घर आहे, हे बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

नकाशा जाहीर झाला. बायकोने चार नंबरात तक्रार केली. तिथला कारकून म्हणाला, "पाणी मोरीत येतंय ना? तुमची मोरी पाचमध्ये." पाच नंबरवाला म्हणाला, "तुंबलंय चेंबर. ते चारमध्ये." तिने नकाशा पाहिला. हद्द खिडकीतून आत शिरून, शिलाई मशीन ओलांडून मोरीपाशी बाहेर पडत होती!

"कुठल्या गाढवाने काढली असेल हो ही रेघ?" संध्याकाळी तिने विचारलं.

"असतात गं एकेक," फूटपट्टी पुटपुटला.

बायको गप्प बसणारी नव्हती. तिने रीतसर हरकत घेतली. सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं, आणि हरकती मोठ्याने वाचून दाखवायचं काम नेमकं फूटपट्टीकडे! बायको पहिल्याच रांगेत बसली होती.

"'...ज्या गाढवाने...'" तो अडखळला.

"मोठ्याने वाचा!" साहेब गरजले. "आणि सांगा, कोण हा गाढव?"

"मीच, साहेब."

सभागृह खदखदून हसलं. बायको मात्र हसली नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम दिला. हद्द भिंतीबाहेरून घ्यायची, अख्खं घर पाच नंबरात!

"बघ, सुटला की नाही प्रश्न?" फूटपट्टी घरी येताच म्हणाला. पाच नंबरचा माणूस बांबू खांद्यावर टाकून आलाही. त्याने टेप काढून भिंतीपासून अंतर मोजलं.

"घर आमचं, ताई. पण चेंबर भिंतीबाहेर तीन फुटांवर आहे. ते चारचं."

"आणि चारवाले म्हणणार, घाण पाचची!" बायको म्हणाली. "दादा, तुमचा बांबू तेवढा तासभर ठेवून जा."

तिने तो नवऱ्याच्या हातात दिला.

"धरा. एकदम सरळ आहे. आणि क्लास पाचला सुरू होतो."

पावणेपाचला चौघी जणी आल्या. चेंबरवर उकिडवा बसलेल्या फूटपट्टीने त्यांना बघताच मान खाली घातली. पाणी मात्र झकास निघून गेलं होतं.